चौदा कॅसेटींची दुरुस्ती

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठणठणीत आहेत, माझा गुडघा सोडल्यास, आणि तो तर आता दुखण्याच्या कामावर कायमच झाला आहे. तुझ्या डोळ्यांचं डॉक्टर काय म्हणतात? भाऊजींना सविनय नमस्कार. हे पत्र तेच तुला वाचून दाखवणार, म्हणून त्यांना विनंती, की कंसातला मजकूर गाळू नये. (भाऊजी, तुम्ही गाळता. मागच्या पत्रात तुमच्या गाडी चालवण्याबद्दल एक कंस होता, तो ताईला फोनवर विचारला तर तिला पत्ताच नव्हता.)

तर तुझं कॅसेटींचं खोकं पोचलं. चौदाच्या चौदा मोजून घेतल्या. ‘चित्र दिसलं नाही तरी चालेल, पण बाबांचा आवाज एकदा ऐकायचाय,’ असं तू म्हणालीस, आणि तो आवाज सात नंबरच्या कॅसेटीत, तोही जेमतेम चाळीस सेकंद, आणि अख्ख्या जगात दुसरीकडे कुठेही नाही, हे तू मला फोनवर चार वेळा बजावलंस. ताई, मी बत्तीस वर्षं विजेचे मीटर दुरुस्त केले आहेत. वायर मला ओळखते. कोपऱ्यावरचा फोटोवाला ‘काका, माझ्याकडे द्या, आठवड्यात करून देतो’ म्हणत होता, त्याला मी हसून वाटेला लावलं.

काम सोपं नव्हे. जुना व्हीसीआर माळ्यावरून काढला, त्याचं पोट उघडून साफ केलं, आणि एक छोटी डबी विकत आणून तिच्यातून तो सूनबाईच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडला. तीन तासांची कॅसेट कॉम्प्युटरमध्ये जायला तीन तासच घेते, घाई चालत नाही. (हे समजल्यावर ही म्हणाली, ‘म्हणजे चौदा दिवस घरात बसून टीव्ही बघणार, आणि त्याला काम म्हणायचं.’ कलावंताने असल्याला उत्तर देऊ नये.) सूनबाईचं शेजारच्या खोलीत ऑफिसचं काम चालतं, तेव्हा टीव्हीचा आवाज पूर्ण बंद ठेवायचा, एवढी एकच अट होती. ती मी काटेकोर पाळली. मध्येच कॉम्प्युटरने काहीबाही विचारलं, मी सगळ्याला ‘हो’ म्हणत गेलो. संसारात आणि कॉम्प्युटरपुढे हेच धोरण बरं.

सुरुवात अर्थातच सात नंबरने केली. तू पहिल्या नोकरीसाठी घर सोडलंस तो दिवस. दारातली तुझी पत्र्याची ट्रंक, आईची लगबग, आणि त्या गडबडीत पायरीवर बाबा. एरवी कॅमेरा दिसला की ते भिंतीसारखे गप्प, पण त्या दिवशी तुझ्या डोक्यावर हात ठेवून बोलत राहिले. आणि चित्र कसलं आलंय, ताई. त्यांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटणसुद्धा दिसतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते निम्मं बाबांमुळे आणि निम्मं माझ्या कौशल्यामुळे.

मग कापाकापी, तीही आवाज बंद ठेवूनच. माझा अंगठा कॅमेऱ्यासमोर आलेली चार मिनिटं काढली, मामा ट्रंक उचलण्याऐवजी ती कशी उचलावी हे सांगत उभे आहेत ती सहा मिनिटं काढली, काळपट भाग उजळ केला, आणि सुरुवातीला ‘छायाचित्रण, संकलन आणि दुरुस्ती : धाकटा’ अशी पाटी टाकली. सूनबाईने बघून ‘बाबा, तुम्ही तर कमाल केलीत’ असं म्हटलं. (ती सहसा बोलत नाही, हे लक्षात घे.)

तुझ्याकडे कॉम्प्युटर नाही, पण तुझ्या जुन्या व्हीसीआरची बटणं तू चाचपून दाबू शकतेस, म्हणून हे सगळं पुन्हा कॅसेटीवरच उतरवायचं ठरवलं. कोरी कॅसेट आता कुठल्याही दुकानात मिळत नाही. म्हटलं, सात नंबरवरच उतरवू, जुन्या खराब चित्राला ठेवून करायचंय काय? तर व्हीसीआर तिच्यावर काही उतरवूनच घेईना. बघतो तो काय, कॅसेटीच्या मागचा प्लास्टिकचा तुकडा कोणीतरी मोडलेला. इतकी वर्षं तुझ्या लक्षात आलं नसेल. मी तिथे चिकटपट्टी लावून ती दुरुस्त केली, आणि मशीनने सगळं निमूट उतरवून घेतलं. बत्तीस वर्षांचा अनुभव फुकट जात नाही.

कॅसेट या पत्रासोबतच पाठवतो आहे. आवाज मोठा करून ऐक.

तुझा,
धाकटा

ता. क. कॅसेट सोबत पाठवत नाही. पाकीट बंद करण्याआधी फोटोवाल्याला माझं काम दाखवावं (त्याचाही गर्व उतरावा) म्हणून त्याच्या दुकानात ती लावली. कॉम्प्युटरने चित्र घेतलं कॅसेटीतलं आणि आवाज घेतला आमच्या खोलीतला. बाबा पायरीवर उभे राहून तुझ्याशी बोलतात, आणि ऐकू येतो मी, ‘बघ, बघ, कसं लख्ख आलंय, माझ्या हाताला यशच आहे.’ मग ही, ‘चहा गार होतोय.’

ता. क. दोन. तो प्लास्टिकचा तुकडा मुद्दाम मोडतात म्हणे, त्या कॅसेटीवर कोणी चुकून काही उतरवू नये म्हणून. तो तूच मोडला असणार. भाऊजी, इथून जरा हळू वाचा. ताई, जुना आवाज पुसला गेला. तो मी पुसला, फोटोवाल्याने नाही आणि मशीननेही नाही. बाकीच्या तेरा कॅसेटी जशाच्या तशा आहेत आणि त्या मी त्याच्याकडे देऊन आलो.

ता. क. तीन. आता मागणं. ते चाळीस सेकंद बाबा तुझ्याशी काय बोलले, ते मला सांग. सूनबाईने आता वायर नीट जोडली आहे. तू ये, चित्राशेजारी बस आणि तुझ्या आवाजात सांग, आपण तेच बाबांच्या चित्रावर घालू. मी दोन दिवस आठवून बघतो आहे. मी तिथेच होतो, त्यांच्यापासून चार पावलांवर, पण माझा सगळा जीव कॅमेऱ्यात होता. मी ते कधी ऐकलंच नाही, ताई.