सहावा नियम

३ मार्च
परदेशी प्रशिक्षणाला पाठवलेल्या आमच्या रेसिडेंट डॉक्टरसमोर काल एक पेशंट गेला. तेवीस वर्षांचा गवंडी. मधमाश्या चावल्या, घसा सुजून बंद. गळ्याला छेद देऊन नळी घालायची — हातात सात मिनिटं होती. तिने घातली नाही!

४ मार्च
का नाही, ते मला ठाऊक आहे. सहावा नियम — वरिष्ठ जवळ नसेल तर फोनवर परवानगी, मगच छेद. फोन लागलाच नाही तर स्वतः ठरवा. गेल्या वर्षी एका उतावळ्याने न विचारता ब्लेड चालवलं, एका बाईचा आवाज कायमचा गेला. दुधाने तोंड पोळलं, म्हणून मी ताकही फुंकून प्यायला शिकवलं. सगळा आराखडा माझाच: कोण कुठे, किती आठवडे, काय करायचं, काय नाही. तिथे दुपारनंतर वरिष्ठ नसतो, हेही माहीत होतं. ‘फोन आहे ना!’ — हे मीच म्हटलं होतं.

६ मार्च
पोरगी परतली. बॅगेसकट थेट माझ्या खोलीत. रडली नाही. “सिस्टर ब्लेड उघडून उभ्या होत्या, मॅडम. आणि मी फोन धरून.”
मी चहा मागवला. दुसरं काय सुचणार! दोघींच्या कपांवर साय धरली.

७ मार्च
विभागप्रमुख म्हणाले, “हात कचरले तिचे. असली माणसं इमर्जन्सीत काय कामाची?” सोमवारी चौकशी. तिची सीट जाणार बहुतेक.
मी मान डोलावली. लाज वाटते.

८ मार्च
जेवण गेलं नाही. हे म्हणाले, “अगं, इतक्या लांबून तू काय करणार होतीस?”

९ मार्च
चौकशी. “फोन केला होतास?”
ती टेबलाकडे बघत म्हणाली, “केला. लागला नाही. तिथे रेंज नसते.”
“मग स्वतः का नाही ठरवलंस?”
तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं — हो, रेंजचा त्रास आहे तिथे.
तिला काढलं. वीस मिनिटांत!

१० मार्च
फोन लागला होता. तीनदा. मी समितीला याच योजनेची स्लाइड दाखवत होते, ‘वरिष्ठ चोवीस तास फोनवर’. तिन्ही वेळा मीच कट केला. मॅडम उलट फोन करतील म्हणून ती थांबली.
आज कॉलची यादी छापून विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवली, खाली सही केली. मग पोरीला कळवायला फोन केला.
तिने कट केला.