एकशे बारावी ओळ

सोमवार, ३ नोव्हेंबर
घरून, म्हणजे गुंगालिनहून, पाच तास गाडी हाकली, पण जागा बघून शीण पळाला. समोर पिवळं रान, आणि माणूस औषधालाही नाही. कॉन्ट्रॅक्ट पाच दिवसांचं: छोट्या म्युझियमची जुनी हजेरीवही कॉम्प्युटरवर चढवायची. राहायचंही इथेच. म्युझियम सांभाळणाऱ्या कॅरेन आंटी मूळच्या वसईच्या. त्यांनी चहाबरोबर इतिहासही पाजला. १९४१च्या जानेवारीत लिबियात एक इटालियन पायदळ डिव्हिजन ऑस्ट्रेलियन फौजेला शरण आली. तिच्यातले एकशे बारा कैदी इथे, ऑस्ट्रेलियातल्या या छावणीत आणले. म्युझियम म्हणजे त्या छावणीचं ऑफिस.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल. माझी सहा वर्षांची लेक ओवी रोज टीचर होऊन घरच्यांची हजेरी घेते. "यतिन कारखानीस?" की मी हात वर करून "प्रेझेंट, मिस!" शुक्रवारी तिचा वाढदिवस. नाही पोचलो तर माझी खैर नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
घोड्यांच्या शर्यतीच्या कपची सुट्टी. सगळं गाव रेस बघतंय, मी वही. हजेरी घेणाऱ्या छावणीच्या सार्जंटचं अक्षर मोत्यासारखं. फक्त एकशे बारावं नाव खरवडलेलं. आंटी म्हणाल्या, तो पळाला. तो सापडेपर्यंत बाकीच्यांनी रांग मोडायची नाही, असा हुकूम होता. पुढे सगळे घरी गेले असं कागद सांगतात, पण इटलीहून त्यांच्या चौकशीची पत्रं अजून येतात.

सॉफ्टवेअर तपासायला त्या रिकाम्या ओळीत मी माझंच नाव टाकलं. आम्हा आयटीवाल्यांची जुनी खोड. पुसायचं राहून गेलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर
सकाळी नाव पुसलं. दुपारी पुन्हा तिथेच. वहीतही आहे, खरवडलेल्या जागी, त्याच मोत्यासारख्या अक्षरात. आंटींनी ते पाहून छातीवर क्रूसाची खूण केली. म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता नीघ, सामान राहू दे. आणि कोणी नाव पुकारलं तर ओ देऊ नकोस.

चार वाजता रानात बुटांचा आवाज आला. भास असेल. थोडंच काम उरलंय, उद्या संपवून निघतो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
गाडी सुरू होत नाही. रेंज नाही. आंटी आल्या नाहीत.

चारला रानात रांगा. कैद्यांचे मातकट लाल कपडे. भर उन्हात सावली कुणाचीच नाही. कोणीतरी नावं पुकारतंय. एकशे अकरा वेळा ओ आली. मग माझं नाव—

दातांत रुमाल धरून बसलो. ते हलत नाहीत. मला भीती वाटतेय.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
ओवीचा वाढदिवस. चालत निघणार होतो. पण रांगा दाराशी—

चार. पुन्हा नावं. एकशे नऊ. दहा. अकरा.

फोन वाजला. ओवी. "यतिन कारखानीस?"

तोंडातून निघून गेलं. "प्रेझेंट, मिस."

फोन बंद आहे. काल रात्रीच चार्ज संपला होता—

बाहेर हसतायत. रडतायत. रांगा मोडल्या. एकशे अकरा जण फाटकातून घरी निघालेत. मीही धावलो, पण फाटक—

सार्जंट वही मिटतोय. मला खूण करतोय, उभा राहा. ओवी, मी येतो, फक्त एवढं