पाठीवरची डाळ

माय,

जमीन पुन्हा गुरगुरायला लागली आहे. नांदेडकडं जास्त, आमच्या उदगिरात कधीमधी. मोठं काही नाही. खालून भरलेला ट्रक गेल्यासारखा आवाज येतो, मांडणीतली भांडी किणकिणतात आणि संपतं. माझे कान तुला माहीत आहेत. मुठीत तूर खुळखुळवून ओल सांगायचो, त्या कानांवरच हमालाचा दालमिलवाला झालो. पण हा आवाज आला की हातातलं काम सुटतं, कारण तुझी सून वरच्या मजल्यावर असते. तिचं डावं अंग गेलंय. खाली मिल, भुशाच्या धुळीत तिची छाती घटकाभर टिकत नाही. तुझा नातू पुण्याला बोलावतो, पण तो राहतो अकराव्या मजल्यावर. ती म्हणते, इथला एक जिना उतरवंना, तिथले अकरा कोण उतरवील? तेव्हा वर स्लॅब, खाली धूळ आणि मधल्या अरुंद जिन्यात मी.

नातवानं पाठीवरची एक मोठी बॅग पाठवली. पाणी, बिस्किटं, औषधं, टॉर्च, शिट्टी, सगळं कप्प्याकप्प्यात. फोनवर म्हणाला, बाबा, नुसती दाराला टांगून ठेवू नका, भरलेली पाठीला लावून टेकडी चढून बघा, आपल्याला किती झेपतं ते कळतं. मला हसू आलं. म्हटलं, अरे, ही परीक्षा तुझ्या आजीनं आमची केव्हाच घेतली.

भूकंपानंतरचं वर्ष. आपण पत्र्याच्या शेडात राहतोय. दर अमावस्येला तिसऱ्या प्रहरी तू पितळी ताट बडवतेस आणि ज्याचं त्याचं गाठोडं उचलून आम्ही विहिरीपल्याडच्या मोकळ्या रानात पळतो. घरधनी असूनही दादा पुटपुटत तुझ्या मागून येतात. शेजारची मावशी कुडावरून विचारते, "पलटण निघाली का वं?" रानात पोचलं तरी सुटका नाही. तू तीन दगड मांडून चूल पेटवणार, चहाला उकळी येणार, तोवर गाठोडं डोक्यावरच. मी तेव्हा अडतीत क्विंटलाची पोती वाहत होतो, अंगात मस्ती होती. एकदा पिठाचं गाठोडं खाली ठेवलं आणि बांधावर बसलो. तू फुंकणी बाजूला ठेवलीस, आवाज चढवला नाहीस.

"पळतंय कुणीबी, लेका. त्या दिशी वरून पाऊस आन् खाली चिखल व्हता. पीठ कुठं ठिवलं असतंस?"

मी गाठोडं परत डोक्यावर घेतलं.

तर या साठीच्या अंगानं मी हत्तीबेटाची टेकडी धरली. दवाखान्यात तुझ्या सुनेचं वजन झालेलंच होतं. नातवाची बिस्किटं काढली, तुरीची डाळ भरली आणि दर खेपेला थोडी थोडी वाढवत नेली. बॅग पुरेना, तेव्हा वर अर्धं पोतं बांधलं. पायऱ्यांवर रोज भेटणारे एक चाचा आहेत, गुडघ्यावर हात ठेवून थांबतात. ते म्हणाले, "शेठ, वरती डाळीला भाव जास्त हाय का?" मी म्हटलं, हाव, देवच गिऱ्हाईक हाय. शेवटी एक दिवस तिच्या पूर्ण वजनाएवढी डाळ घेऊन, थांबत थांबत का होईना, मी वर पोचलो आणि तशीच पाठीवर घेऊन उतरलो. घरी येऊन ऐटीत सांगितलं. ती पडल्या पडल्या ऐकत होती.

"डाळ गप बसती हो," ती म्हणाली. "मी भ्याले तर तुमचा गळा धरीन."

तिचं खोटं नव्हतं. म्हटलं, चल मग, आजच बघू. मिलला सुट्टी होती, खाली कुणी नव्हतं. तिला पाठीवर घेतलं. तिचा डावा हात लोंबकळत राहिला, उजवा माझ्या गळ्यात आवळला. चार पायऱ्या बऱ्या गेल्या. वळणावर तिचा पाय कठड्यात अडकला, माझा खांदा भिंतीला टेकला. खाली पाऊल टाकावं तर ती घसरते, वर जावं तर मांड्या थरथरतात. "काय करायलाव, पाठ सोलली माझी," ती म्हणाली आणि आम्ही दोघंही हसलो. मग कसाबसा तिथंच टेकलो. ती तशीच माझ्या पाठीला, मी कठडा धरून. सुटका मिलचा हमाल सहज डोकावला तेव्हा झाली. पण त्याला यायला बराच वेळ होता, आणि त्या वेळात ती माझ्या कानाशी हळूच बोलली, जसं आपण भाजीला काय आणायचं ते सांगतो तसं.

"खरंच जोरात हललं, तर तुमी जावा. मला घिऊन दोघं बी जिन्यातच ऱ्हाऊ."

तू गेलीस, आता या पत्राला पोचायला ठिकाण नाही, आणि नातवाला हे दाखवणार नाही. त्याला फोनवर एवढंच कळवलंय की टेकडी चढलो. तुला मात्र सांगतो. "येडी का खुळी तू," असं मी तिला म्हणालो. पण म्हणायला जरा उशीर झाला, माय. तोवर तिनं माझा गळा सोडला होता.