लाटांच्या तळ्यावरचा पंच

आबा,

कोळवणच्या खोऱ्यात आता समुद्राच्या लाटा येतात. हे मी तुम्हाला समोर उभं राहून सांगितलं असतं, तर तुम्ही आधी माझ्या तोंडाचा वास घेतला असता. पण खरंच येतात. आपल्या भाताच्या खाचरांच्या वरच्या अंगाला, जिथे पुण्याच्या लोकांची फार्महाऊसं झाली, तिथे एका कंपनीने सिमेंटचं भलंमोठं तळं बांधलंय. एका टोकाला यंत्र आहे. ते पाणी ढकलतं, आणि पुरुषभर उंचीची लाट उठून दुसऱ्या टोकाकडे धावत जाते. हिंजवडीची पोरंपोरी सुट्टीला गाड्या भरून येतात, सर्फिंगचे बोर्ड काखेत मारून पाण्यात उतरतात आणि नीट उभं राहायच्या आत तोंडावर आपटतात. पाणी कुठलं, हे तुम्ही सगळ्यात आधी विचारलं असतं. ग्रामसभेतही कुणीतरी विचारलं होतं. उत्तर अजून यायचंय.

मी तिथे नोकरीला आहे आणि स्पर्धा असली की पंच म्हणून बसतो. तुम्ही जन्मभर जत्रेच्या फडात कुस्त्यांचे पंच होतात, आणि तुमचा मुलगा लाटांवरच्या खेळाचा पंच झाला, यात तुम्हाला गंमत वाटली असती. घर सोडून मी समुद्रावर गेलो तो एका लॉजवर भांडी घासायला. तिथल्या कोळ्यांच्या पोरांबरोबर बोर्डवर उभा राहायला शिकलो. खेळाडू म्हणून यथातथाच निघालो, पण दुसऱ्याचं चांगलं-वाईट मला पटकन दिसायचं, आणि अशाच माणसाला लोक पंच करतात. आमच्याकडे पाठ टेकत नाही, आबा. तुमच्या फडात पाठ टेकली की झाडावर बसलेल्या माणसालाही ती दिसायची. इथे खेळाडू लाट संपवतो, आणि किती अवघड जागी वळला, किती जोर लावला, तोल कसा राखला, हे बघून पंच दहापैकी गुण देतो. जे काही आहे ते पंचाच्या डोळ्यात असतं. मोठ्या स्पर्धेत पाच जण असतात, त्यात सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी दिलेले गुण काढून टाकतात, म्हणजे एकट्याच्या लहरीवर काही अडत नाही. आमच्या तळ्यावर आम्ही तिघेच होतो. तिघांचं सगळं धरायचं.

या खेळावर पोट भरणारे जगात थोडेच, आणि आता त्यांचंही काही खरं नाही. त्यांना पोसणाऱ्या कपड्यांच्या कंपन्यांपैकी कितीतरी बसल्या. समुद्रावरची स्पर्धा म्हणजे लाटेची वाट बघत दिवसचे दिवस वाळूत बसणं, आणि ते टीव्हीवाल्यांना परवडत नाही. म्हणून ही तळी. संध्याकाळी सहाला म्हटलं की सहाला लाट, आणि सगळ्यांना सारखी. जुने खेळाडू नाकं मुरडतात. म्हणतात, सगळ्यांचं वळण एकाच जागी येतं, ही कवायत झाली. मलाही कधीकधी तसं वाटतं. पण एक गोष्ट त्यांनी कुणी बोलून दाखवली नाही, ती मी सांगतो. समुद्रावर पंच चुकला तर त्याला लाटेवर ढकलता येतं, तिची लाट चांगली होती, हिची बसकी होती, असं. तळ्यात लाट सारखीच. सगळं नशीब यंत्राने काढून घेतलं, आणि मागे उरला एक खेळाडू आणि एक पंच. लपायला जागाच नाही.

आता एका पोरीचं सांगतो. वरच्या वाडीतली आहे. तिचे आजोबा उन्हाळ्यात करवंदं घेऊन आपल्या ओट्यावर यायचे, तुम्ही त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडत नव्हतात. तिची आई आपल्याच खाचरात भात लावायला यायची. पोरगी तळ्यावर लोकांना बुडण्यापासून वाचवायच्या कामाला लागली, धरणाच्या पाण्यात पोहून तयार झालेली. रोज सकाळी तळं उघडायच्या आधी यंत्र तपासायला लाटा सोडून बघतात, त्या वेळी कामावरच्या माणसांना पाण्यात जायची मुभा असते. ती एकही सकाळ चुकवत नसे. समुद्र तिने आजवर पाहिलेला नाही. उभी राहते तीही अगदी आपल्या पद्धतीने: मागचा पाय बोर्डाच्या पार शेवटाला, गुडघे खोल वाकलेले. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन घसरत्या वाटेने उतरणारी बाई जशी उतरते, तशी. पुस्तकात असं उभं राहायला सांगत नाहीत. पण त्यामुळे ती जिथे वळते तिथे दुसरं कुणी वळू शकत नाही. या खेळाचं पुढे काय, असं मला कुणी विचारलं की मी छाती काढून म्हणायचो, या पोरीकडे बघा. तिला मी शिकवलेलं नाही. तिच्याकडे बघत मात्र होतो.

पावसाळा सरल्यावर तळ्यावर स्पर्धा झाली. जिंकेल तिला परदेशातल्या मोठ्या स्पर्धांच्या तयारीसाठी जायला मिळणार होतं. जागा एकच. शेवटच्या फेरीत आपली पोरगी आणि पार दक्षिणेकडच्या, परराज्यातल्या समुद्रावरची एका कोळ्याची मुलगी. ती मुलगी आणि तिचा बाप गाड्या बदलत बदलत आले होते, बापाला आपली भाषाही येत नव्हती. फेरीच्या आधी आमच्या मुख्य पंचाने आम्हा पंचांना रिवाजाप्रमाणे विचारलं, दोघींपैकी कुणाशी नातं आहे का. मी नाही म्हणालो. खोटं नव्हतं ते. गावाचं नातं कुठल्या नियमात बसतं? बदली पंच बाजूच्या खुर्चीवर रिकामा बसला होता, पण मी उठलो नाही. मग भोंग्यावरून कंपनीच्या माणसाने मला 'याच मातीतले पंच' म्हणून मिरवलं, आणि काठावर जमलेल्या आपल्या गावकऱ्यांमधून कुणीतरी ओरडलं, "पंच आपलाच हाय, पोरी, भिऊ नगंस!" लोक हसले. त्या कोळ्याला शब्द कळले नसतील, पण हसू कळलं. त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं.

शेवटच्या लाटेवर आपली पोरगी जिथे सगळे सरळ होऊन थांबतात, त्या भिंतीजवळ, कोसळत्या पाण्यात वर वळली, फेसात दिसेनाशी झाली आणि उभीच्या उभी बाहेर आली. आमच्या तळ्यावर तसं कुणी केलेलं नव्हतं. माझं बोट आठावर गेलं होतं. मी सहा दाबलं. तेवढ्यानेच ती हरली. 'आपला तो बाब्या' म्हणणारे पंच मी पुष्कळ पाहिलेत आणि त्यांच्या नावाने बोटंही मोडलीत. मी आपल्या बाब्यालाच कार्टं केलं आणि वर त्याला निःपक्षपातीपणा म्हणालो. गंमत म्हणजे माझी वाहवा झाली. मुख्य पंचाने पाठ थोपटली. गावातले लोक दोन दिवस तोंड फिरवून गेले, पण मागे म्हणाले की मानूस खरा हाय, बापावर गेलाय. हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण तुम्ही असं केलं नसतंत. मला आपल्या जत्रेतल्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या आठवतात. हलगी वाजतेय, माझी जोड लागलीय, आणि मी तुमच्याकडे बघतो तर तुम्ही डोक्यावरचा पंचाचा फेटा काढून शेजारच्या गावच्या माणसाच्या हातात देताय. आपल्या गावचा गडी मातीत आला की तुम्ही फडाबाहेर जायचात, ही तुमची रीतच होती, पण त्या दिवशी ती मला झोंबली. मी हरलो. नव्या पंचाने माझी अर्धी लागलेली पाठ पूर्ण धरली, असं मला वाटलं. घरी स्वयंपाकघरात आई माझ्या खांद्याला गरम हळद लावत होती आणि मी रडत रडत तुम्हाला बोलत होतो, की तुम्ही असतात तर मी हरलो नसतो. तुम्ही भाकरी मोडत होतात. आई म्हणाली, अरे, आपल्या पोराला झुकतं माप नको म्हणून ते बाहेर जातात. गावातही सगळे हेच समजायचे. तुम्ही आईकडे न बघता मला म्हणालात, "मी हुबा असतो तर तुला लवकर पाडला असता. लोकांनी नावं ठिवू न्हाईत म्हनून." मग भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून, "भ्या वाटतं मला माजंच," असं म्हणालात. मला तेव्हा वाटलं, हे काहीतरीच बोलतायत. बाप आपल्या पोराला कशाला पाडेल? म्हणून मी रुसून पाठ फिरवून झोपलो.

इतकं होऊनही गोष्ट इथेच थांबली असती तर मी तुम्हाला लिहिलं नसतं. दोन गुण कापले, मनाला लावून घेतलं, पुढच्या वेळी खुर्ची सोडीन असं ठरवलं, आणि माणूस जगतोच. पण दुसऱ्या दिवशी ती पोरगी फोनवर त्या लाटेचं चित्रीकरण घेऊन माझ्याकडे आली. तक्रार करायला नाही. माझ्यापुढे फोन धरून म्हणाली, "सर, कुटं कमी पडले त्येवडं सांगा. म्हंजी पुढल्या वक्ताला न्हाई चुकनार." बाकीच्या दोघांनी जास्त गुण दिलेत आणि मी कमी, म्हणजे मला काहीतरी दिसलं असणार जे त्यांना दिसलं नाही, असा तिचा हिशोब. पंचाची चूक असेल हे तिच्या मनातही आलं नाही. मी ती लाट पुन्हा पाहिली. तिच्यात काही चूक नव्हती. आणि आबा, मी फोनवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "मागचा पाय फार मागं पडतो तुझा."

त्या दिवसापासून ती पाय पुढे घ्यायला शिकतेय. आज सकाळीही मी काठावर उभा होतो. यंत्राने लाट सोडली, पोरगी बोर्डवर उभी राहिली, पाय मी सांगितला तिथे ठेवला, गुडघे ताठ, हिंजवडीच्या कुठल्याही पोरासारखी. त्या भिंतीजवळ वर वळायला गेली आणि पडली. पुन्हा गेली, पुन्हा पडली. तिची ती उतरणीवरची चाल आता जवळजवळ गेली आहे. पाय जुन्याच जागी ने, एवढं म्हणायला मला काय लागतं? पण मग ती विचारील, असं होतं तर तेव्हा गुण का कापले, आणि त्याचं उत्तर द्यावं लागेल. कोळ्याची मुलगी कधीच परदेशी गेली, निकाल काही बदलत नाही. माझंच नाव तेवढं जाईल. ते तरी कुठे माझं आहे, तुमचंच आहे. ती काठाला आली, तोंडावरचं पाणी पुसलं आणि विचारलं, "सर, आता बराबर पडतोय न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय, असाच ठिव."

हे पत्र मी खरं तर तिला लिहायला बसलो होतो. वर तिच्या नावाऐवजी आबा लिहिलं, आणि मग पेन थांबेना. तुम्हाला सांगितल्याने काही बिघडत नाही, तुम्ही उद्या सकाळी तळ्यावर येणार नाही. ती येईल, आणि मी सांगितलाय तिथेच पाय ठेवील.