सायीवरचा डाग

३ फेब्रुवारी, सोमवार

नाकारली! माझ्या घरात बसून, माझ्यादेखत, एका डागापायी नाकारली!

बँकेतल्या बाई आल्या होत्या मांजर बघायला. लेकीने आणलेलं स्थळ. मांजराच्या केसांनी जावयांना दमा उसळतो, म्हणून चांगलं घर मिळेपर्यंत लेकीने ती माझ्या गळ्यात मारली आहे. नाव साय, रंगही सायीचाच. नाक चपटं, केस लांब, रुबाब राणीचा. फक्त दोन्ही डोळ्यांपासून नाकाच्या कडेने खाली तांबूस-तपकिरी ओघळ. बाईंनी चष्मा सावरला. "अगंबाई, रडकी आहे का ही? चेहरा स्वच्छ झाला तर कळवा."

स्वच्छ झाला तर! लॉन्ड्रीत सारी नोकरी डागाच्या टेबलावर काढली मी. शाई, गंज, वंगण – कुणाची बिशाद नव्हती माझ्यापुढे टिकायची. लोक मला 'डागवाले काका' म्हणतात ते काय उगाच?

लेकीला सांगून टाकलं, "कळव त्यांना. चकाचक करून देतो. आणि मग घेऊन जा म्हणावं, मला नको हे लोढणं!"

४ फेब्रुवारी

लागलो कामाला. डाग काढण्याचा पहिला नियम – कडेकडून आत यायचं. मधूनच घासत सुटलं की डाग पसरतो आणि भोवती कडं उमटतं. तेव्हा ओला बोळा घेऊन गालापासून सुरुवात, तिथून वर डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत. सायीने मनगटावर तीन रेघा ओढल्या. ओढू दे. गिऱ्हाईकं याहून वाईट असायची.

डाग हलला नाही. उद्या नेट लावायचा.

६ फेब्रुवारी

डावा डोळा लाल. उघडतच नाही.

टोपलीत घालून तडक जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या, पण जीभ सासूची. "कसं पुसलंत?" मी अभिमानाने सांगितलं, कडेकडून आत. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो काका, म्हणजे गालावरची सगळी घाण तुम्ही डोळ्यात नेऊन सोडलीत! डोळ्यापासून बाहेर पुसायचं, बाहेर!"

खिशातली डाग उडवायच्या पेरॉक्साइडची बाटली दाखवली. म्हटलं, कापडाचा रंग उडतो का ते आतल्या शिवणीवर थेंब लावून बघतो, तसं आधी हिच्या पोटावर लावून बघू का? तेव्हा तर बाई खुर्चीतून उठल्याच. "ही बाटली तिच्या तोंडाजवळ नेलीत तर माझ्याशी गाठ आहे! लिंबू नाही, साबण नाही, काही नाही. हे कापड नाही काका, आत जीव आहे."

मग निवल्यावर नीट समजावलं. पाणी उकळून कोमट करायचं. कापूस पिळून घ्यायचा. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून खाली, एकाच दिशेने, हलक्या हाताने. दुसऱ्या डोळ्याला दुसरा बोळा. मग कोरडं टिपायचं, ओल राहिली की कातडी सोलते. चपट्या नाकामुळे तिचं पाणी आत न जाता बाहेर ओघळतं आणि त्या पाण्यातच तांबूस रंग असतो. रंगलेले केस पांढरे होणार नाहीत, मागून नवे येतील त्यांची वाट बघायची. डोळ्याचं औषध वेगळं दिलं.

या वयात छडी खाल्ली. बाटली माळ्यावर टाकली.

७ फेब्रुवारी

डोळा उघडला! मी देवासमोर नाही, तिच्यासमोरच हात जोडले.

१६ फेब्रुवारी

डाग तसाच. पण साय आता टॉवेलात गुंडाळावी लागत नाही. मांडीवर बसते, हनुवटी वर करते. वर माझ्याकडेच बघते – कर, तुझं काय ते!

२ मार्च

मुळाशी पांढरं दिसतंय. भिंग लावून पाहिलं. भास नाही. पांढरं!

२१ मार्च

शेजारीण म्हणाली, "काका, दुसरी मांजर आणलीत?" दिवसभर हेच वाक्य चघळत होतो.

सकाळी पाणी उकळायला ठेवलं की बाईसाहेब आपणहून खुर्चीवर हजर. भांड्याचा आवाज ओळखते. मला उशीर झाला तर ओरडून उठवते. माझ्यावर एवढी दादागिरी कुणी केल्याला बरीच वर्षं झाली.

५ एप्रिल, शनिवार

बँकेतल्या बाई आल्या. दारातच थबकल्या. "हीच का ती?" मी मिशीतल्या मिशीत हसत, "हीच!" लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणजे तुम्हीच." फुगलो. का फुगू नये?

बाईंना साय पसंत. उद्या न्यायला येणार. मी म्हटलं, "रोज सकाळी डोळे पुसावे लागतील, जन्मभर." तर म्हणतात, "रोज? छे हो, एवढा वेळ कुणाला आहे! आता गेलेत ना डाग, झालं तर मग. परत आले तर मात्र मला नाही चालायचं हं."

चहा घेऊन गेल्या. साय त्यांनी उठवलेल्या जागेवर परत येऊन झोपली. लेकीला सांगावं का, राहू दे म्हणून? कुठल्या तोंडाने सांगू? लोढणं म्हणालो होतो. शब्द देऊन बसलोय. डागवाले काकांनी शब्द फिरवला असं आजवर झालं नाही.

पण तिला द्यायची नाही मला. लिहून टाकलं. आता काय करायचं ते करा.

६ एप्रिल, रविवार

सकाळी साय खुर्चीवर हजर. डोळे रोजच्यासारखेच पुसले, टिपले. मग गाजर उकडलं, त्यात बिटाची एक फोड टाकली. पाणी निवू दिलं. डोळ्यांपासून चांगलं लांब, नाकाच्या कडेने, काडीवरच्या कापसाने दोन ओघळ रंगवले. छटा अशी जुळली आहे की डॉक्टरीणबाईही फसतील!

सारा जन्म डाग काढले. हा पहिला लावलेला.

बेल वाजली.