अक्काच्या दिव्याची तार

१४ जून १९६१
देवनहळ्ळी. अक्काच्या शेतावर पवनचक्की चढवली. डायनॅमो लष्करी भंगारातला, पाती माझ्या बॅटरीच्या दुकानातल्या मुनियप्पानं सागाची तासली. अक्काला काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, नजर वर्षभर टिकली तरी खूप. भावोजी गेल्यावर ट्रंकेत त्यांच्या सात वह्या सापडल्या. एवढ्या तिला वाचून काढायच्यात. स्वतःच, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. दिवसभर गुरं, शेत. वाचायला संध्याकाळच, आणि कंदिलाशी ते बारीक अक्षर लागत नाही.
बॅटऱ्या माजघरात मांडणार होतो. अक्का आडवी आली. "तेजाबाचे डबे देवाच्या भिंतीला? माझ्या सोवळ्यात चालायचं नाही रे." म्हणून गोठ्यात. घरापासून साठ फूट. मोटारीची जाड केबल नेली होती, ती निघाली जेमतेम हातभर. घरगुती वायरिंगचं भेंडोळं होतं, तेच ओढलं. एका दिव्याला लागतं किती!
दिवा लागला. पाचच्या बसनं परत.

२ जुलै
अक्काचं कार्ड. पहिली वही झाली. 'हे लिहितात, मेहुणा बोलघेवडा आहे, उपाशी मरणार नाही.' दुकानात मोठ्यानं हसलो. मग मागं जाऊन तोंड धुतलं.

२० ऑगस्ट
बसमधून उतरलो तर चक्कीचा सूर इथवर. बरोबर लागलाय. स्वयंपाकघरात दुसरा दिवा जोडला, त्याच तारेवर. अक्का खूश. "राजवाडाच केलास की रे दत्तू." पाचची बस.

१८ सप्टेंबर
कार्ड नाही म्हणून गेलो. तिसरी वही मिटून देवाजवळ ठेवलेली. "दिवा आहे रे, डोळेच गेले." बॅटऱ्या तपासल्या, भरलेल्या. जोड घट्ट. म्हटलं, "वय झालं अक्का, काय करणार." तीही म्हणाली, हो.
पाचची बस.

२६ नोव्हेंबर
बस चुकली. राहिलो. तो दिवा अंधारात प्रथमच पाहिला. निखाऱ्यासारखा लाल.
व्होल्टमीटर लावला. गोठ्यात बारा, दिव्यापाशी नऊ. तीन व्होल्ट त्या साठ फुटी बारीक तारेनं खाल्ले. घरच्या दोनशे तीसात तीन गेले तर कुणाला कळतंय. बारातले तीन म्हणजे...
पंचवीस वर्षं बॅटऱ्यांच्या धंद्यात. प्लेटा घासत वर आलो. रस्त्यापलीकडची लॉरी सुरू होताना ऐकून सांगतो, बॅटरी किती दिवसांची सोबती. पण केबल लावली ती आयुष्यभर हातभर. लांबी मोजायची असते हे कधी डोक्यातच आलं नाही.
ती समजली डोळे गेले. मीही तेच सांगितलं.
अक्का चुलीपाशी. "मुका का झालास?"
"काही नाही."

२८ नोव्हेंबर
मुनियप्पाला सगळं सांगितलं. "बॅटरी सरी, डायनॅमो सरी, सगळं ठीक. वायरच स्वल्प, बारीक झाली अण्णा." मग, "अक्कांना सांगितलंत?"
तांब्याची नवी केबल परमिटशिवाय नाही. यशवंतपूरला भंगारवाल्यांकडे हिंडलो. जुन्या लॉऱ्यांच्या केबली, बोटाएवढ्या जाड. मुनियप्पा आणि मी दिवसभर तुकड्याला तुकडा जोडून डाग देत बसलो. एकेक जोड ओढून पाहिला.

३ डिसेंबर
केबल घातली. मुद्दाम थांबलो. दोन्ही दिवे पांढरे शुभ्र. दिव्यापाशी पावणेबारा.
अक्कानं तिसरी वही काढली. नाकाशी धरली. भिंतीला टेकून उभा राहिलो.
"दिसतं?"
"कडेचं गेलं. मधला एक शब्द दिसतो. तो झाला की पुढचा शोधायचा." बोट ओळीवर. जरा वेळानं, "दिव्याला काय केलंस?"
"तार बदलली."
"का रे?"
"जुनी झाली होती."
सहा महिन्यांची तार. ती माझ्याकडे बघत राहिली, म्हणजे मी जिथं होतो त्याच्या थोडं बाजूला.
मग, "जा तू बाहेर. यांचं वाचताना कुणी नको."
गोठ्यात बसून हे लिहितोय. मीटरचा काटा बारावर. गुरं रवंथ करताहेत, चक्की फिरतेय. कान घराकडे.
पान उलटल्याचा आवाज अजून नाही.