ती थांबली तिथे मी बोलले

आई, पॉडकास्ट म्हणजे काय हे तुला आधी सांगावं लागेल. रेडिओसारखंच असतं, फक्त कोणालाही घरून करता येतं. नोकरी संपवून मी मोताळ्याच्या घरी परत आले तेव्हापासून तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला गोधडी लावते, म्हणजे रस्त्याचा आवाज येत नाही, आणि आसपासच्या कापूसवाल्या बायकांना समोर बसवून बोलतं करते. लोक ते आपापल्या मोबाइलवर ऐकतात. माझ्या आवाजाचं कौतुक होतं. मलकापूरच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरची ती कृपा. पाठांतर म्हणताना त्या सांगायच्या, मध्ये थांबू नकोस, थांबलीस की माणसं उठून जातात.

मागच्या भागात जवळच्या खेड्यातली एक बाई आली होती. तू होतीस तेव्हा आपण घरचीच सरकी राखून पेरायचो. तुझ्यानंतर पाकिटातलं बीटी बियाणं आलं. अळी लागणार नाही म्हणाले, आणि काही वर्षं खरंच लागली नाही. आता गुलाबी अळी बोंडात शिरते, वरून काही कळत नाही. मग फवारणी, पुन्हा फवारणी. त्या फवारणीचं विष अंगात भिनून हिचा नवरा गेला. यंदा हिनं एकटीनं शेत केलं आणि वेचायला गेली तर बोंडं किडकी. हे सगळं ती शांतपणे सांगत होती. शेवटी म्हणाली, "आता तं मले असं वाटते बाई..." आणि थांबली. मी लगेच म्हणाले, "तुमच्या धैर्याला आम्हा सर्वांचा नमस्कार." मग संगीत. संपादन करताना तिचं ते थांबणंही मी कापून लहान केलं, ऐकायला बरं वाटावं म्हणून.

आज सकाळी एका ऐकणारीचा आवाजी निरोप आला. ओळखीची नाही. मागे बायकांची गडबड होती, वेचणीलाच निघाली असावी. "ताई, राग नोका मानू. तुमचा आवाज लय गोड हाय, वरातीतल्या बेंडवाल्यावानी मधात थांबतच नाई. पण थे बाई 'मले असं वाटते' म्हणे, अन् तुमी काऊन बोलल्या वं? तिले काय वाटते थे आयकाचं होतं ना. म्या थे पुन्हा पुन्हा लावून आयकलं. मले तिचा आवाज बरा नाई वाटला. तिले जाऊन पाहा. आजच जा."

मी त्या बाईला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला, परत तेच. पायात चप्पल कोणती घातली तेही कळलं नाही. ऑटोत बसल्यावर मला ती सुट्टी आठवली. मी होस्टेलवरून आलेली, आणि तू मला शेजारी बसायला घेऊन जातेस. त्यांचा मुलगा गेला आहे. कोणीच बोलत नाही, मला ते सोसत नाही, मी पुस्तकातलं काहीतरी सांत्वन म्हणते. तू माझ्या मांडीला चिमटा काढतेस. घरी चुलीपुढे म्हणतेस, "बसाले गेलं का बसावं. तिचं तोंड उघडाच्या आंधी आपलं उघडू नाई. येवढे पैसे भरून थे सिस्टर तुले शिकवते तरी काय वं?" मी रुसून जेवले नव्हते.

ती बाई घरीच होती. जिवंत होती, आई. दारात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाला टेकून बसली होती, फोन आत वाजू देत. मी तिच्याशेजारी मातीत बसले. घशात शब्द येत होते, मी ते गिळत होते. शेजारची बकरी येऊन माझा पदर चघळायला लागली, तरी हलले नाही.

मग ती उठली, आत गेली आणि फवारणीची उरलेली बाटली घेऊन आली. माझ्या पुढ्यात ठेवली. म्हणाली, "हे घेऊन जा बाई. माह्या घरात नोको. कालपासून मी हिच्याकडंच पाहून राह्यली."

तिच्याकडून नंबर घेऊन तिच्या बहिणीला मी फोन केला. ती येईपर्यंत तिचा हात सोडला नाही. बहीण आली ती ओरडतच, "मले काऊन नाई सांगतलं, मी काय मेली होती?" आणि मग दोघी रडल्या. संध्याकाळी ती बाटली घेऊन मी निघाले तर त्या बाईनं विचारलं, "उद्या येता ना?" मी हो म्हटलं. उद्याचं ठीक आहे. पुढच्या महिन्यात, पुढच्या हंगामात, आणि अशा दुसऱ्या कितीतरी दारांत कोण बसणार आहे, हे मला कळत नाही. कोणाला विचारावं तेही कळत नाही, म्हणून तुला लिहिते आहे.

त्या ऐकणारीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. ती मला चांगली म्हणेल याची भीती वाटते. कारण आई, ऑटोत बसण्याआधी मी घाईघाईत एक गोष्ट पिशवीत टाकली होती. रेकॉर्डर. तो बाहेर काढला नाही. पण घेतला होता.